बाबांची इंजिनं उघडलीस त्याबद्दल

रविवार, ९ मार्च

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि छोटी मजेत असाल. इकडची थंडी ओसरली. जिन्यातला दिवा अखेर बदलला. माझं औषधाचं दुकान नेहमीसारखंच, सकाळी खोकल्याची गर्दी आणि दुपारी माश्या.

हे झालं रीतीपुरतं. फोन केला असता तर मी ओरडले असते आणि तू "ताई, मीटिंग आहे" म्हणून ठेवून दिला असतास. कागद मध्येच कापता येत नाही, म्हणून लिहितेय.

तू सुट्टीत आलास आणि बाबांच्या टेबलावरच्या सगळ्या खेळण्यातल्या आगगाड्या डिजिटल करून गेलास. कोणाला विचारून? बोटाएवढी ती इंजिनं. त्यांच्या पोटात चिप मावत नव्हती, म्हणून तू आतलं लोखंड कानशीने घासून काढलंस. टेबलावर पडलेला कीस मी स्वतः झाडला आहे. ते लोखंड तिथे उगाच नव्हतं. त्याच्या वजनानेच इंजिन रुळाला धरून राहायचं. आता निळं इंजिन पुलाच्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवत बसतं आणि मागचे डबे त्याची गंमत बघतात. घासलेलं लोखंड परत चिकटवता येतं का? तू इंजिनिअर आहेस, तूच सांग.

आणि तो जुना काळा डबा, बटण फिरवून गाडी चालवायचा, तो जाता जाता भंगारात देऊन टाकलास. "आता त्याचा काय उपयोग?" हे तुझं वाक्य. मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

त्याचा उपयोग सांगते. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. त्यांच्या बोटांना केसाएवढा फरक कळतो. ते स्टुलावर बसायचे, हात त्या बटणावर आणि डोळे गाडीवर. बटणाकडे त्यांनी कधी बघितलेलं मला आठवत नाही. थोडं फिरवलं की रुळांतली वीज वाढायची, गाडी पळायची. आता रुळांत वीज कायम, प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर, आणि हुकूम मोबाइलवरून. मोबाइलची काच सपाट. बोट कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणजे आधी काचेकडे बघा, मग गाडीकडे बघा, परत काचेकडे बघा. तोवर गाडी गेलेली असते.

परवा मालगाडी टेबलावरून खाली पडली.

एका रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात म्हणून तू टाळ्या वाजवत होतास ना? तशाच दोन चालल्या होत्या. मालगाडी सिग्नलपाशी उभी होती आणि मागून पॅसेंजर आली. बाबा मोबाइलवर तिचा नंबर शोधत होते. धडक बसून मालगाडी घरंगळली, ती पकडायला ते वाकले, आणि टेबलाचा कोपरा कपाळाला लागला. मी जेवायला घरी आले तर ते फरशीवर बसलेले, भुवईवर रुमाल, आणि मला म्हणतात, "कपाटाचं दार लागलं." त्या खोलीतल्या कपाटाला सरकती दारं आहेत. सरकतं दार कपाळाला कसं लागतं, ते मी अजून शिकते आहे. खरं काय ते नंतर खोदून खोदून काढून घेतलं.

टाके पडले. आता बरे आहेत. डॉक्टर हसून म्हणाले, "आजोबा, खेळताना जपून." बाबाही हसले. मला मात्र दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

तू सुट्टीभर त्यांच्याशेजारी बसलास. एकाच टेबलावर, एकाच दिव्याखाली. तुझ्या काही म्हणजे काहीच लक्षात आलं नाही? ते दारातून जाताना चौकट चाचपतात. बाजूला ठेवलेला चहा त्यांना दिसत नाही, कप समोर सरकवावा लागतो. तू डावीकडून हाक मारलीस की ते आख्खी मान वळवतात. टिल्लू, त्यांना काचबिंदू आहे. बरेच दिवस झाले. थेंब रोज मी घालते. तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. आज मोडली. शपथेचं काय व्हायचं ते होऊ दे.

तू चिपा बसवत होतास आणि तुझा बाप आंधळा होत होता.

पत्र मिळाल्यावर फोन करू नकोस. लिही.

ताई


रविवार, १६ मार्च

ती. ताईस,

नमस्कार.

तुझं पत्र बायकोने आधी वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं. ते मी उभ्याउभ्याच वाचून काढलं. मग मलाही राग आला, आणि तो तुझ्याइतकाच खरा आहे, म्हणून ऐक.

कोणाला विचारून, असं विचारतेस ना? बाबांना विचारून. त्यांनीच मला बोलावलं. तू दुकानात असताना त्यांचा फोन आला, की एका डोळ्याला जरा धूसर दिसतं, गाडी वळणावर गेली की हरवते, चिप बसवली तर इंजिनाला आवाज येतो म्हणतात, मग ती कुठे आहे ते मला कानाने कळेल. मी म्हटलं, डोळे दाखवलेत का? म्हणाले, "दाखवले रे, वयाचं आहे. ताईला बोलू नकोस, ती घर डोक्यावर घेईल." मी बोललो नाही. काचबिंदू हा शब्द मी तुझ्या पत्रात पहिल्यांदा वाचला.

लहान इंजिनांत आवाजाची चिप मावत नाही. तरी त्या दोन मोठ्यांत मी साखरेच्या खड्याएवढा स्पीकर बसवला. पहिल्यांदा शिटी वाजली तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, खुशीने. आता वाटतं, ते परीक्षा घेत होते, मिटल्या डोळ्यांनी गाडी सापडते का याची.

लोखंड कुठे घासायचं त्याची खूण त्यांनीच करून दिली. हातात धरून बटण फिरवायचं हँडल मिळतं, ते आणतो, असं मी त्यांना दोनदा म्हटलं. "कशाला? मोबाइलवर अक्षरं मोठी होतात." त्यांनी मला मोबाइलवरचे आकडे धडाधड वाचून दाखवले. समोरचं दिसतं ना त्यांना! बाजूचं दिसत नाही हे मला कोण सांगणार होतं? तू सांगणार होतीस. तुझ्या शपथेने माझं तोंड बंद झालं नाही ताई, माझे डोळे बंद झाले. तू रोज थेंब घालत होतीस आणि मी दर रविवारी फोनवर बाबांकडून ऐकत होतो, "सगळं झकास." टाके पडल्यावरच्या रविवारीसुद्धा झकासच.

काळा डबा भंगारात दिला, ती मात्र माझी अक्कल. ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

आता मी काय करू ते सांग. हँडल पाठवू का?

टिल्लू


शनिवार, २२ मार्च

टिल्लू,

तुझं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाही. ते त्यांच्या स्टुलावर बसले होते, मोबाइल मांडीवर पालथा.

मी म्हटलं, "मला अर्धं सांगता, त्याला अर्धं सांगता. आम्ही काय कवळीचे दोन भाग आहोत, तुम्ही तोंडात जुळवायला?"

ते म्हणाले, "वाईट नाही जमलं वाक्य."

"बाबा, मी हसणार नाहीये."

टाक्यांची जागा खाजवत होते, मी हात बाजूला केला. शेवटी म्हणाले, "हे बघ. आजारी बापाला बघायला बोलावलं, तर टिल्लू चांगल्या डॉक्टरांचे पत्ते पाठवतो. गाड्या बिघडल्या म्हटलं, तर स्वतः येतो."

लागलं ना? लागू दे. मलाही पुढचं लागलं. मी विचारलं, "आणि मी? मी तर इथेच होते. माझ्यापासून काय लपवायचं होतं?"

"तुझ्यापासून डोळे लपवता आले नाहीत. मग म्हटलं, निदान गाड्या तरी राहू देत. तू या खोलीत थेंबाची बाटली घेऊनच येतेस. तुझ्याशी बोलायला लागलो की मी पेशंट होतो. पोरगा आला, तेव्हा मी त्याला शिकवत होतो. म्हणत होता, बाबा, इथे किती घासू? ऐकून बरं वाटलं."

टिल्लू, मी इतकी संतापले की दुकानाची किल्ली घेऊन बाहेर पडले. दुकान बंद होतं त्या दिवशी. बंद दुकानात काउंटरमागे जाऊन बसले आणि रडले. इतकी वर्षं त्यांचं पथ्यपाणी मी केलं. त्यांच्या डोळ्यांच्या दाबाचे आकडे मला तोंडपाठ आहेत, आणि त्यांना बरं कशाने वाटतं, तर तू केलेल्या लोखंडाच्या किसाने. हे न्यायाचं आहे का? नाहीच आहे. आणि तरी ते खोटं बोलत नव्हते, याचा मला जास्त राग आला. त्यांच्या त्या गाड्यांना मी आजवर फक्त धूळ पुसायला हात लावला होता.

घरी आले तेव्हा ते तसेच बसले होते. मी स्टूल ओढलं, मोबाइल हातात घेतला आणि म्हटलं, "सांगा, कोणता नंबर?" थोडे बिचकले. मग म्हणाले, "आधी मोठं. शिटीचं." मी पहिल्याच झटक्यात इतकं जोरात सोडलं की गाडी बोगद्यातून सुटल्यासारखी आली आणि वळणावर आडवी झाली. "अगं अगं अगं! ती औषधाची बाटली नाही, हलवून देऊ नकोस!" बाबा माझ्यावर ओरडले. आजारी पडल्यापासून ते माझ्यावर ओरडलेच नव्हते, नुसते ऐकायचे. मग मीही ओरडले, की तुमच्या लाडक्याने बटण फेकून दिलं, त्याला मी काय करू. असे आम्ही संध्याकाळपर्यंत भांडत गाड्या चालवल्या. निळं इंजिन चढावर अडलं की ते बोटाने हळूच ढकलतात. अजून बरोबर जागी बोट पडतं.

आता नीट वाच, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे. काल तपासणी होती आणि या वेळी मी त्यांना बाहेर बसू दिलं नाही, सगळं त्यांच्यासमोर विचारलं. डावा डोळा गेला. उजव्यात कुलपाच्या भोकातून बघावं तेवढं उरलंय, आणि ते भोक बारीक होत चाललंय. थेंबांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत. बाबांनी विचारलं, "समोरचा माणूस कधीपर्यंत दिसेल?" डॉक्टर म्हणाले, "जवळ बसला तर अजून दिसेल." घरी येताना ते तुझ्याबद्दल बोलले नाहीत. वाटेतल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या मात्र मोठ्याने वाचत आले.

हँडल पाठवू का, असं विचारलंस. पाठवू नकोस. पार्सल आलं तर मी दारातून परत पाठवीन. ते हातात घेऊन ये, आणि गाड्यांसाठी आलो असं म्हणू नकोस. त्यांच्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बस आणि त्यांना तुझं तोंड पोटभर बघू दे.

माझा राग अजून गेलेला नाही. तू आलास की दारातच सुरू करणार आहे, तयारीने ये.

वाट बघत नाहीये असं दाखवणारी,
ताई