साडेचार फुटांचं स्टेज

दौंड, ता. ९ डिसेंबर २००४

प्रिय बाळासो,

तुला माझा सलाम, धुरपदावहिनींना नमस्कार आणि तुमच्या त्या मारक्या गाईला लांबूनच रामराम. माझी तब्येत तुझ्या लेकीच्या कृपेने बिघडलेली आहे. तुझी चांगली असेल अशी आशा करतो, कारण हे पत्र वाचल्यावर ती तशी राहील याची खात्री नाही. ईदला तू आला नाहीस. तुझ्या वाटणीचा शिरखुर्मा मीच संपवला, त्यामुळे वाढलेली शुगरही तुझ्याच नावावर धर.

तुझं पत्र पोचलं. शितल दौंडमध्ये काय दिवे लावतेय ते खरं खरं कळव, नाहीतर येत्या रविवारी टेंपो घेऊन येतो आणि तिला सामानासकट शेवंतीच्या क्रेटशेजारी बसवून परत आणतो, असं तू लिहिलंस. (फोनच केला असता. पण आमच्या आळीला फोन करायचा तर स्टेशनबाहेरचा बूथ, आणि त्या बूथवर बसते तुझीच लेक. तिच्यासमोर तिचीच चहाडी कशी करू?) तर ऐक. बूथचं काम ती चोख करते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या हिपहॉपची आहे.

हे हिपहॉप म्हणजे काय ते तुला समजावून सांगायचं तर मला आधी पाणी प्यावं लागेल. यात गाणं गायचं नसतं, बोलायचं असतं, आणि बोलताना श्वास घ्यायचा नसतो. चाल नाही, पेटी नाही, तबला नाही. तबल्याचं काम सलमान तोंडाने करतो. सलमान म्हणजे पुणे शटलमध्ये पेन आणि कंगवे विकणारा, जन्मापासून आंधळा पण रुळांच्या आवाजावरून कुठलं स्टेशन आलं ते सांगणारा. कुणा प्रवाशाने त्याला असल्या गाण्यांची कॅसेट दिली आणि माझ्या घराची शांतता गेली. दोघं रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर सराव करतात. सलमान तोंडाने असे काही आवाज काढतो की तुझ्या मेहरुनवहिनीने कुकर समजून दोनदा गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही कच्ची डाळ खाल्ली. पाहुणी पोर आहे म्हणून तीही गोड मानली.

पण तीन तारखेला जे झालं त्याने माझ्या मंडपाच्या धंद्यावर पाणी फिरलं. त्या दिवशी अपंग दिन. इथल्या एका मंडळाने तीनचाकी सायकली वाटायचा कार्यक्रम ठेवला, पुण्याहून दानशूर पाहुणे बोलावले आणि स्टेजचं काम अर्थातच अमजद मंडपवाल्याला दिलं. बाळासो, मी आयुष्यात इतकं देखणं स्टेज बांधलं नव्हतं. साडेचार फूट उंच, वर लाल गालिचा, चढायला सहा पायऱ्या. पार फाटकाबाहेरच्या माणसालाही पाहुण्यांचे बूट दिसावेत. मंडळाला आभाराचं गाणं हवं होतं, ते शितल म्हणेल असा शब्द मीच दिला. गाणंही मीच लिहून दिलं, आठ कडव्यांचं. प्रत्येक कडव्यात पाहुण्यांचं नाव बसवायला माझ्या नाकी नऊ आले होते.

कार्यक्रम सुरू झाला. सायकली घेणारे नऊजण, त्यात शितलही. त्यातल्या एकालाही सहा पायऱ्या चढता येईनात. (तीस वर्षं स्टेज बांधतोय, पण सायकल ज्याला द्यायची तो वर चढणार कसा, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. आता लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशी फक्त घाम फुटला होता.) मग मंडळाचे चार पैलवान एकेकाला काखेत हात घालून उचलायला लागले. वर नेलं, सायकलवर बसवलं, फोटो काढला, सायकल तिथेच ठेवून माणूस खाली आणला. पुन्हा तीच सायकल, पुढचा माणूस. कारण सायकल एकच आली होती. बाकीच्या आठ पुढच्या महिन्यात येणार होत्या म्हणे. आमच्या गल्लीतल्या बानूबाईंना दोनदा उचललं, कारण पहिल्या फोटोत त्यांनी डोळे मिटले होते.

शितलचा नंबर आला. पैलवान पुढे झाले, तशी तिने कुबडी आडवी धरली आणि सरळ मला सांगितलं, "काका, मला उचलू देऊ नका. माईक खाली द्या." मी दिला. का दिला विचारू नकोस. वायर लांब होती, एवढंच मी मंडळाला सांगितलंय. सलमानने तिच्या मागे उभं राहून तोंड सुरू केलं. तिने स्टेजकडे पाठ केली, लोकांकडे तोंड केलं, आणि माझी आठ कडवी बाजूला ठेवून हे म्हटलं:

दया तुमची बसली साडेचार फुटांवर,
मी उभी खाली माझ्या दोन कुबड्यांवर.
सायकल एक आन् माणसं नऊ,
फोटो काढून रिकामं जाऊ?
हार नको, शाल नको, नको कुणाचा खांदा,
उतार बांधा साहेब, आधी उतार बांधा.

शेवटची ओळ तिने तीनदा म्हटली. तिसऱ्या वेळी बानूबाईंसकट सगळे खालचे लोक तिच्याबरोबर म्हणत होते. पाहुणे चहा न घेताच गेले. मंडळाने मला सांगितलंय की यापुढे गणपती असो की हळदीकुंकू, अमजदचा बांबू आमच्या दारात नको. माझ्याच स्टेजची उंची माझ्याच माईकवरून गावाला मोजून दाखवली! मी त्या पोरीचं काय घोडं मारलं होतं?

घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, बाकी सगळं सोड, पण तुझ्या बापाने दहावीपर्यंत तुला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, चिखल बघितला नाही की ऊन बघितलं नाही, आणि तू भर सभेत खांदा नको म्हणतेस? ती कुबडीचं रबर चाचपत बसली. मग म्हणाली, "आप्पांचा खांदा मी नववीत असल्यापासनं दुखतोय. ते बोलत न्हाईत, आन् मलाबी त्यांच्या तोंडावर बोलता येत न्हाई. म्हणून गाण्यात घातलं."

मी उठून बाहेर गेलो आणि उगाच बांबू मोजत बसलो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं, भुसा असेल.

तर असा सगळा ताप आहे. मी पुरता वैतागलोय. घेऊन जा तुझी लेक.

तुझा,
अमजद

ता. क. रविवारी टेंपो दौंडला आणू नकोस. तो एकोणीस तारखेला शिरूरच्या बाजारतळावर आण. तिथल्या पोरांनी शितल आणि सलमानला कार्यक्रमाला बोलावलंय. ती तुला कळवायला घाबरते, म्हणून हे सगळं लिहिलं. स्टेज माझंच आहे. त्याचे पाय मी तीन फूट कापले.

दुसरा ता. क. टेंपोत क्रेट चढवायची तुझी बारा फुटी फळी सोबत आण. दीड फुटाला ती बरोबर बसते, हिशेब करून पाहिलाय. शितल तिच्यावरून एकटी वर जाणार आहे. तू पहिल्या रांगेत बस. ती चढताना तुझे हात आपोआप पुढे होतील, ते मांडीखाली दाबून ठेव.

तिसरा ता. क. फळी एकट्याने उचलू नकोस. दुसरं टोक मी धरीन.