खिंडीतला रस्ता

थेन,

त्या सकाळी मी आपल्या खिंडीतून गुरं हाकत होतो, तर समोरून तू राज्य सरकारच्या वकिलाला जीपमधून घेऊन आलास.

म्हणालास, "दादा, इथे जुना रस्ता होता हे ठरलं, की वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारला हे रान राखीव करता येणार नाही. बाबा इथून ट्रक न्यायचे, एवढी शपथ घे."

"बाबा इथे घोड्यावरूनही उतरायचे. हॅट काढून, प्रार्थना म्हणत चालायचे."

"प्रार्थनेने कुरण वाचत नाही, बिशपसाहेब." गावच्या चर्चचं बिशपपण माझ्याकडे आल्यापासून तू मला असंच चिडवतोस.

वॉशिंग्टनचा राग मलाही आहे. आपली निम्मी गुरं त्यांनीच कमी करायला लावली. म्हणून मेलेल्या बापाच्या हाती ट्रक द्यायचा?

हे पत्र पाठवणार नाही. आज कोर्टात तुमचाच साक्षीदार म्हणून शपथेसाठी हात वर केला आणि तुझ्यासमोर सांगितलं, तिथे रस्ता कधीच नव्हता.

तुझा भाऊ,
व्हर्ल