बादलीतलं पहिलं पाणी

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विक्रीचे कागद मिळाले. तुझी सही अगदी ठसठशीत आली आहे. माझी जागा रिकामी ठेवून ते कपाटात टाकलेत, रागावू नकोस. बाबांचा सूत रंगवायचा कारखाना जाऊन तिथे गोदाम येणार, हे डोक्याला पटतं, मनाला पटत नाही.

पाणीखात्याचे साहेब येऊन गेले. रंगीत सांडपाणी जूनअखेरपर्यंत निम्म्यावर आणा, नाहीतर दाराला सील लावतो म्हणाले. तू पाठवलेलं पाणी शुद्ध करायचं यंत्र तीन आठवडे चाललं आणि मग जे बसलं ते बसलंच. बाबांच्या वेळचे आपले रंगारीकाका आता त्यावर टोपी वाळत घालतात.

खरं सांगू? मी दमले आहे रे. दिवसभर वाफेत उभं राहून गुडघे कुरकुरतात. पण एक सुचलंय, हसू नकोस. आई एकाच बादलीत घरभराचे कपडे कशी धुवायची, आठवतं? आधी पांढरे, मग फिके, मग गडद, शेवटी त्याच पाण्यात पायपुसणी. आणि आपण? मिळेल त्या क्रमाने सूत रंगवतो आणि दर रंगानंतर हौदच्या हौद ओतून देतो. सोमवारी मोतिया, मग पिवळा, असं करत शनिवारी काळा घेतला, तर फिक्या सुताच्या धुण्याचं पाणी पुढच्या गडद रंगाला चालेल. काका म्हणाले, म्हणजे तुमच्या आईंची बादलीच चालू करायची म्हणा की! उद्यापासून करून बघते.

बाकी ठीक. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो आणि मग ओशाळलो. यंत्रं विकणं हा माझा धंदा, आणि घरचंच यंत्र टोप्या वाळवतंय! तरी सांगतो ताई, बादलीवर कारखाने चालत नाहीत. गिऱ्हाईक काय वार बघून येतं?

आता हेच बघ ना. मोजे विणणारा माझा मित्र आहे, त्याला काळं सूत हवंय. एप्रिलच्या दुसऱ्या बुधवारी त्याची गाडी येईल. तू मंगळवारी रंगवून ठेव. मी शब्द देऊन बसलोय, तेव्हा नाही म्हणू नकोस. तेवढं झालं की सही करून मोकळी हो. किती वर्षं ओढणार आहेस हा गाडा?

गुडघे शेकत जा. मला चार शिव्या घातल्यास तरी चालेल, पण पत्र लिही.
धाकटा

१८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चार आठवडे बादली छान चालली. सांडपाणी तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं होतं, काकांनी गटारात काठी घालून मोजलं होतं. मग तुझा मंगळवार आला. तुझ्या शब्दाखातर काळा मध्येच घेतला. बुधवारी पिवळं सूत बाहेर काढलं तर चिखलाचा रंग! हौद पाच वेळा धुतले तरी काळं सुटतच होतं. महिनाभर वाचवलेलं पाणी एका दिवसात गटारात गेलं. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आज बोलूनच टाकते. आईच्या बादलीत पांढऱ्या कपड्यांचीही रांग असायची. आधी तुझा शाळेचा सदरा, मग बाबांचे कपडे, मग माझा शाळेचा झगा. तोवर पाणी राखाडी झालेलं असायचं. वर्गात सगळ्यांत मळकट मीच दिसायचे. कधी तक्रार केली नाही, कुणीतरी मागे राहणारच. पण आईबाबांची दुखणी, कारखाना, सगळंच मग त्या झग्यासारखं माझ्या वाट्याला आलं. आणि तू लांबून एक शब्द देतोस आणि माझा आठवडा मोडतोस. मला तुझा राग आलाय, खूप आलाय.

कागद बाहेर काढलेत. महिनाअखेरीला सही करून पाठवते.

तुझा आनंद त्यात असेल तर तसं. आशीर्वाद आहेतच.
ताई

२३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही केली नसशील तर करू नकोस. केली असशील तर कागद फाडून टाक.

तुझ्या झग्याचं मला माहीत होतं, ताई. शाळेत तू समोरून येताना दिसलीस की मी दुसऱ्या जिन्याने जायचो. ही माझी बहीण आहे, हे कुणाला कळू नये म्हणून. घरी येऊन पुन्हा सदरा पहिल्या पाण्यात टाकायचो. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लिहितानाही लाज वाटतेय.

मोजेवाल्याला सांगितलं, यापुढे काळं सूत शनिवारीच मिळेल, थांबायचं तर थांब. तो कुरकुरला, मग कारण विचारलं. बादलीची गोष्ट ऐकून म्हणाला, मग तर मी कायमचा शनिवारीच घेईन, आणखी दोघांनाही सांगतो. माझ्या यंत्राबद्दल कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं बघ.

जूनअखेरीला अजून दोन महिने आहेत. मी तेवढी रजा काढली आहे, रविवारी पोचतो. सोमवारी मोतियाचे हौद मी भरीन. काकांना म्हणावं, चुकलो तर खुशाल ओरडा. तू मात्र त्या दिवशी कारखान्यात पाऊल टाकायचं नाहीस. उन्हं वर येईपर्यंत झोपून राहा.

राग राहू दे, त्याच्याशेजारी थोडा लोभही राहू दे.
तुझा धाकटा