फ्लेक्सवरची तारीख

इलोइलो,
२० ऑगस्ट २०१२

ती. मानांग मेडिंगला,
धाकट्या बहिणीचा, मिंडाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. फोनवर तू नानायला, ओळख बघू मी कोण, म्हणून छळतेस आणि ती घाबरून फोन खाली टाकते. त्यापेक्षा पत्र बरं.

नानाय, आपली सख्खी आई, आता मला कपडे धुवायला येणारी मुलगी समजते. माझ्या कामावर खूश आहे. काल म्हणाली, की घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर उरलेला भात घेऊन जा. मी डब्यात भरून घेतला, मागच्या दाराने आत आले आणि तोच जेवले. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दात काढण्याआधी सुई देतात ना, तसं झालंय माझं. कुठेच काही लागत नाही.

तुझं नाव मात्र रोज घेते. मेडिंग कधी येणार म्हणून दिवसातून दहादा विचारते. डॉक्टर म्हणतात, हेही फार दिवस टिकायचं नाही. म्हणून नाताळला ये. तिकडचा करार एप्रिलला संपायची वाट बघू नकोस.

१६ सप्टेंबरला, रविवारी, आपल्या चर्चपासून नदीकाठापर्यंत सगळे चालणार आहेत. देणग्या जमतील त्या डिमेन्शियाच्या संशोधनाला. ज्याने त्याने आपल्या माणसाचा फोटो फ्लेक्सवर छापून आणायचा. नानायलाही नेते. चालण्यात तिला अजून कुणी हरवत नाही.

तुझा लोभ आहेच. त्याला एकदा विमानात बसव.

तुझी,
मिंडा

तोरिनो,
३ सप्टेंबर २०१२

चि. मिंडास, मेडिंगचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. राईचा पर्वत करायची तुझी खोड काही जात नाही बघ! ती माझं नाव रोज घेते म्हणतेस, मग झालं तर. एप्रिलपर्यंतही घेईल. आधी सोडलं तर करार मोडतो, आणि माझी सिन्योरा, जिला मी सांभाळते ती म्हातारी, नव्व्याण्णव नखरे करते आणि दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाही. तिची लेक रविवारी अर्धा तास येते, घड्याळ बघत बसते आणि जाते. काय माणसं असतात एकेक!

फ्लेक्सला माझ्या लग्नातला फोटो दे. त्यात नानाय हसते आहे. बर्टिंगकडेच छापून घे, तो घरचा आहे.

खात जा वेळेवर. तुझ्यावर जीव आहे हे लिहायला लागू नये.

तुझी,
मानांग

इलोइलो,
१७ सप्टेंबर २०१२

ती. मानांगला सा. न. वि. वि.

चालून आलो. काय झालं ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते.

बर्टिंगने विचारलं होतं, की तारीख कोणती टाकू. मी चालण्याची सांगितली. म्हातारीचा फोटो आला की त्याच्याकडे एकच नमुना: निळे ढग, पांढरं कबूतर, डावीकडे जन्मतारीख, उजवीकडे दुसरी. त्याने १६ सप्टेंबर उजवीकडे टाकली. शेजारच्या चारिंगमावशीने पहाटे फ्लेक्स परस्पर आणला आणि चष्म्याशिवायच चर्चच्या फाटकावर बांधला. आम्ही तेव्हा मागच्या पटांगणात झुंबा करत होतो. त्याशिवाय आपल्याकडे कुठलं पुण्यकर्म सुरू होतं?

पहिल्या मिस्साच्या प्रार्थनेला आलेल्या सगळ्यांनी तो वाचला. आम्ही दोन किलोमीटर चालून परतलो, तर घरापुढे मांडव. खुर्च्या, कॉफीचं पिंप, बिस्किटं, आणि मयताच्या घरी बसतात तसे चौघे पत्ते कुटत बसलेले. नानाय चारिंगमावशीबरोबर मागे रेंगाळली होती, कुणाच्या तरी कोंबड्यांशी बोलत.

एक बाई माझ्या गळ्यात पडली. किती केलंस गं पोरी, आता तरी झोप, म्हणाली. अहो, ती मागून येतेय, एवढंच म्हणायचं होतं मला. म्हटलं नाही. एकामागून एक तिघींना माझ्या खांद्यावर रडू दिलं. खरं सांगते मानांग, बरं वाटलं. चार वर्षांत कुणी माझी विचारपूस केली नव्हती.

मग नानाय आली. एकीने किंकाळी फोडली, एकीचा कप फुटला. नानायने विचारलं, की कोण गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, माझा हात धरला आणि विचारलं, की पोरी, तुझी आई गेली का. मी हो म्हटलं. चांगली होती का, असं विचारलं. म्हटलं, चांगली होती, पत्त्यांत तेवढी लबाडी करायची. ती हसली.

चारिंगमावशीने धीर करून तिला विचारलं, की पुरिंग, मेडिंग कधी येणार. तर कोण मेडिंग, म्हणाली. मला मुलीच नाहीत. असत्या तर बरं झालं असतं.

मग खुर्ची ओढून पत्ते खेळायला बसली. दुपारपर्यंत जिंकत होती.

रात्री आणि आज सकाळीही मी तुझं नाव घेऊन बघितलं. काही नाही. तेव्हा आता घाई नाही. करार पुरा कर, एप्रिलमध्येच ये.

कळावे. लोभाचं काय करायचं ते तू ठरव.

मिंडा

तोरिनो,
३० सप्टेंबर २०१२

मिंडा,

आशीर्वाद देण्याचं तोंड नाही, म्हणून तसंच सुरू करते.

करार महिनाभराच्या सूचनेवर कधीही मोडता येतो. मला पहिल्यापासून माहीत होतं. मी भीत होते गं. दारात उभी राहीन आणि ती विचारेल, की बाई, तू कोण. ती अजून माझं नाव घेते असं तू लिहायचीस, की मला वाटायचं, चला, अजून न जाऊन चालेल. आता ती विचारून मोकळी झाली. भीती गेली, लाज उरली. सिन्योराच्या लेकीला नावं ठेवत होते मी, आणि ती निदान रविवारी तरी येते.

त्या तिघींच्या आधी मी हवी होते तुझ्यापाशी.

सूचना दिली आहे. ३ नोव्हेंबरला सकाळी उतरते. परत जायचं तिकीट काढलेलं नाही. नानायला इतक्या लांब आणू नकोस, मावशीकडे ठेव. विमानतळावर तू एकटी ये. आणि मी बाहेर आले की माझं नाव घेऊन हाक मार, मोठ्याने.

तुझी,
मेडिंग