निळा रंग उडाला

२ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. अख्ख्या जालन्यात माझ्याशी बोलायच्या लायकीचा माणूस न्हाई, म्हणून स्वतःशीच बोलणं आलं.

५ सप्टेंबर, दुपार
जमलं! डोळ्याला न दिसणाऱ्या लोखंडाच्या कणांना एन्झाइमची नक्कल करायला लावली. द्रावण निळंशार. फवारणीचं औषध पडलं की निळा रंग उडतो, किती उडाला ते मीटर उजेड पाडून सांगतं. पीएचडी खिशात!
लॅबमधली ज्युनिअर आकांक्षा म्हणे, बिनफवारणीच्या फळाचा रस टाकून बघितला का? काल आली अन् मला शिकवून राह्यली.

९ सप्टेंबर
बाजारातली मोसंबी. रस टाकला, रंग गायब. दुसरीचा टाकला, तोही गायब. सगळा जिल्हा विष खाऊन राह्यला अन् कुणाला पत्ता न्हाई. अडाणी लेकाचे.

१४ सप्टेंबर
वडीगोद्री, आमचं गाव. मोसंबीच्या बागेचा सौदा करायला व्यापारी राधेश्यामशेठ आल्ते. बाबा गळ्याची शपथ घेऊन सांगत होते, यंदा एक फवारा मारला न्हाई. वर्षाचं सगळं या बागेवर, म्हणून माणूस बोलतो काहीही. म्हटलं, तोंडाची वाफ कशाला दवडता, सायन्सला विचारू. गावासमोर आमच्याच मोसंबीचा रस द्रावणात टाकला. रंग उडाला!
शेठ अर्धा चहा ठेवून उठले. बाबा माझ्याकडं बघतच राह्यले. चोरी पकडली गेली, दुसरं काय.

१५ सप्टेंबर
बाबा बोलत न्हाईत. आई जेवण आदळून गेली. थोर शास्त्रज्ञांच्या घरी असंच चालतं.

१८ सप्टेंबर
गाईड प्रीती मॅडमना विचारलं, पेपर कुठं छापायचा? त्यांनी मेडिकलमधून व्हिटॅमिन सीची गोळी आणवली, विरघळवून द्रावणात टाकली. निळा रंग बिलकुल साफ. म्हणाल्या, अभिनंदन! मोसंबीत व्हिटॅमिन सी असतं, हा शोध तुम्ही लावलात.
आकांक्षा पाठ करून उभी होती. खांदे हलत होते.

१९ सप्टेंबर
बाबा खरं बोलत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
शेठकडं जाऊन समजावलं. ते म्हणाले, परवा जहर म्हणत होते, आज व्हिटॅमिन म्हणून राह्यले, उद्या काय म्हणसाल?

२१ सप्टेंबर
बाबांनी फाट्यावर बाकड्यावर बसवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर आपल्या बागेचा रस पिऊन राह्यलो. पोट तट्ट.
आत्ताच शेठ आल्ते. मला खालून वर न्याहाळलं अन् बाबांना म्हणाले, उद्या हा जिता दिसू द्या, मंग सौद्याचं बघू.
बाबांनी आणखी एक ग्लास भरला.