सरांच्या सर्पदंशाच्या वह्या

४ जुलै, शुक्रवार. अकोला

हॉस्पिटलची वेबसाइट नवी करताहेत. ऑफिसमधली पल्लवी सगळ्या सीनियर डॉक्टरांकडून फॉर्म भरून घेतेय. शिक्षण, कारकीर्द, संशोधनाची आवड. माझा तिनं जुन्या माहितीवरून अर्धा भरूनच आणला होता. आवड : सर्पदंश. खाली माझा तो एकमेव गाजलेला लेख.

"मॅडम, फक्त सही करा."

नंतर बघते म्हटलं. तीस वर्षं करते आहे की ही सही. आज हात उचलला नाही, कारण दुपारीच अमरावतीहून फोन आला होता. राजूरकर सरांना अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू गेली. वाचाही.

६ जुलै, रविवार

अमरावतीला जाऊन आले. मूर्तिजापूरपर्यंत रस्ता कसा गेला कळलं नाही.

सर खाटेवर बसलेले, मागे तीन उशा. दाढी कुणी तरी नीट केलेली, मिशी मात्र एका बाजूनं जास्त कापली गेलीय. मला पाहून डोळे हलले. म्हणाले, "बरोबर."

आनंदानं अंगावर काटा आला. ओळखलं! मग पाणी दिलं तर "बरोबर." उशी सरकली तर वैतागून, "बरोबर, बरोबर." सुमनकाकू म्हणाल्या, "तेवढा एकच शब्द उरला त्यायच्याजवळ. सगळ्यालेच तोच."

असे पेशंट मी किती पाहिलेत. नातेवाइकांना समजावलंय, बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नाही. पण किती कळतं ते सांगता येत नाही. आज हे मला कुणी तरी सांगायला हवं होतं.

सुमनकाकू बारीक झाल्यात. त्यांची आणि सरांची मुलगी पुण्याहून येऊन गेली. मला चहा दिला, साखर न विचारता. आधी नेहमी विचारायच्या.

९ जुलै

लिहूनच टाकते. इथं तरी.

अमरावतीला सरांच्या वॉर्डात मी हाउसमन होते तेव्हा त्यांच्याकडे दोन जाड वह्या होत्या. मण्यार चावलेला प्रत्येक पेशंट त्यात. किती वाजता चावली, पापण्या किती वाजता जड झाल्या, गिळणं कधी थांबलं, श्वास कधी. पेशंटशेजारी स्टुलावर बसून, मनगटावरचं घड्याळ बघत सर स्वतः लिहायचे. मण्यारीच्या दाताची खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज नाही. जमिनीवर झोपलेलं माणूस सकाळी उठतं ते पोट दुखतं म्हणत. सर आम्हाला म्हणायचे, "पोटाकडं नको पाहू, पापणीकडं पहा."

मी म्हणायची, सर, छापा ना. ते म्हणायचे, "अजून एक पावसाळा पाहू." दर वर्षी तेच.

मी पुढे एम.डी.ला नागपूरला गेले. जाताना वह्या मागितल्या. "ने ना, अभ्यासाले ने." मी सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या आणि वह्या परत केल्या. दोन वर्षांनी लेख छापला. नावं दोन, माझं आणि तिथल्या प्रोफेसरांचं. आभारातसुद्धा सर नाहीत.

सर काही लिहिणार नाहीत, मी लिहिलं तर निदान लोक वाचतील, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. पण नाव घालायला एक ओळ लागते.

त्यानंतर सर माझ्या लग्नाला आले होते. दोन दिवस आधी येऊन राहिले.

१३ जुलै, रविवार

अविला सांगितलं. नवरा गणिताचा मास्तर, पुरावा मागेल असं वाटलं होतं. तो शेंगा सोलत होता, सोलतच राहिला.

"एवढी वर्षं मले नाही सांगितलं?"

"लाज वाटायची."

"आता?"

"आता जास्त वाटते."

शेवटची शेंग सोलून म्हणाला, "मग सांग त्यायले. कळो का न कळो." सोललेल्या शेंगांची वाटी माझ्याकडे सरकवली.

१७ जुलै

सकाळी हिवरखेडकडची एक बाई, पंचविशीची. घरात खाली झोपली होती. पोट दुखतं म्हणून आणली. सासू सोबत.

"डोये उघडून नाही राहिली माई. रात्रभर जागली असंन म्हणून मी म्हणलं झोपू द्या."

रेसिडेंट पोट दाबून बघत होता. मी त्याला खाली वाकून पापण्या बघायला लावल्या. अर्ध्यावर आलेल्या. सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू केलं, संध्याकाळपर्यंत व्हेंटिलेटरवर गेली.

रेसिडेंट म्हणाला, मॅडम, तुमच्या पेपरमध्ये आहे हे, मी वाचलंय. मी म्हटलं, ते माझं नाही. ते राजूरकर सरांचं आहे, अमरावतीचे. तो गोंधळला. "म्हणजे रेफरन्स चुकलाय का?"

हो, म्हटलं. चुकलाय.

२० जुलै, रविवार

सरांना सांगितलं.

काकू देवळात गेल्या होत्या. सर आणि मी. फिजिओथेरपिस्टनं सांगितलेला रबरी चेंडू त्यांच्या उजव्या हातात, नुसता ठेवलेला. मी स्टुलावर बसले आणि सगळं बोलले. वह्या, लेख, नागपूर, बढती, मला मिळालेली व्याख्यानं. सर माझ्याकडेच बघत होते, एकदाही नजर काढली नाही.

संपल्यावर म्हणाले, "बरोबर."

मी रडले. मग त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं. दोनदा. पण गेल्या आठवड्यात फिजिओवाल्या पोरीलाही असंच थोपटलं होतं म्हणे. काय मानू?

२१ जुलै

हिवरखेडची बाई स्वतः श्वास घेतेय. नळी काढली. पहिलं वाक्य सासूला : "म्हशीले पाणी पाजलं का?"

सरांना सांगायला फोन केला. काकूंनी फोन त्यांच्या कानाला लावला. मी सगळी केस सांगितली, वेळांसकट, पूर्वी राउंडला सांगायची तशी. पलीकडून फक्त श्वासाचा आवाज, लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा. निदान मला तसं वाटलं.

२७ जुलै, रविवार. अमरावती

काकूंना सांगायचंच म्हणून स्वयंपाकघरात गेले. त्या अंबाडी निवडत होत्या. मी म्हटलं, काकू, तो लेख... त्या म्हणाल्या, "मले माहीत आहे."

"कधीपासून?"

"छापला तवापासून. त्यायनंच आणून दाखवला होता."

मी उभीच. त्यांनी पाट सरकवला, बस म्हणाल्या. मग अंबाडीकडेच बघत बोलल्या.

"दोनदा वाचला त्यायनं. म्हणाले, शुभानं छान लिहिलं, माह्याच्यानं झालं नसतं. मी दोन दिवस बोलली नाही त्यायच्यासोबत. त्यायले राग नव्हता, शुभा. मले होता. अजून आहे."

मी एक जुडी पुढ्यात ओढली.

"त्या वह्यांच्या रेघा कोणी आखल्या, माहीत आहे? मी. आठवडाभर शाळेत शिकवू अन् रविवारी दुपारी पट्टी घेऊन बसू. इतके वाजता चावला, इतके वाजता डोये मिटले, सगळे रकाने. माह्या पोरीले खेळू नाही दिलं त्या टेबलावर. अन् तुह्या लग्नात मी तुले हळद लावली."

"काकू, माफ करा."

"माफी मागायले येऊ नको इथं. तशी ये. त्यायले तू आलेली आवडते."

भाजी निवडून झाली. डबाही दिला सोबत. अकोल्यात येईपर्यंत गाडीत अंबाडीचा वास.

३० जुलै

जर्नलला पत्र लिहिलं. नोंदी कुणाच्या, वह्या कुणाच्या, नाव का नव्हतं, सगळं सरळ. नागपूरचे प्रोफेसर हयात नाहीत, त्यांच्यावर काही ढकललं नाही. चूक माझीच होती. शेवटी एक ओळ घातली : नोंदींचे तक्ते श्रीमती सुमन राजूरकर यांनी आखले.

पाठवताना अवि शेजारी बसून होता. म्हणाला, "आता चहा ठेवू का?"

५ ऑगस्ट

पल्लवी परत. फॉर्म. "संशोधनाची आवड" खोडून मी लिहिलं : सर्पदंश, डॉ. राजूरकर यांच्याकडे शिकले. लेखाचं नाव काढून टाकलं.

"मॅडम, असं कोणी लिहीत नाही. बाकीच्यांनी बघा, किती किती लिहिलंय."

"माझं एवढंच आहे."

तिला वाईट वाटलं माझ्यासाठी. जाताना चॉकलेट ठेवून गेली टेबलावर.

१२ ऑगस्ट

जर्नलचं उत्तर. सभ्य, कोरडं. दुरुस्ती छापायला हरकत नाही, पण डॉ. राजूरकर यांची लेखी संमती हवी. सही असावी.

सही. उजवा हात लुळा पडलेला माणूस.

अविला म्हटलं, आता? तो म्हणाला, "डावा आहे ना. पण त्यायले हवं का, ते तर विचार आधी."

मी हा विचारच केला नव्हता. माझी चूक, माझी दुरुस्ती, माझी घाई. पुन्हा सगळं मीच ठरवत होते.

१७ ऑगस्ट, रविवार. अमरावती

सर डाव्या हातानं चमचा धरतात आता. वरणभात अर्धा अंगावर, तरी दुसऱ्याला भरवू देत नाहीत. काकू म्हणाल्या पाटीवर रेघा मारतात, अक्षर येत नाही अजून. "पहिलीतल्या पोरावानी करून राहिले." हसल्या. या दीड महिन्यात पहिल्यांदा.

जर्नलला लिहिलेलं पत्र, संमतीचा कागद, काहीच काढलं नाही. पिशवीतच राहिलं. सरांना पेपर वाचून दाखवला. पिकांच्या बातम्या आल्या की भुवई वर जाते, पुढाऱ्यांच्या आल्या की डोळे मिटतात. म्हणजे कळतंय. बरंच कळतंय.

३१ ऑगस्ट, रविवार. अमरावती

आज काढलं. आधी काकूंना मराठीत वाचून दाखवलं, शब्दन् शब्द. आपलं नाव आलं तिथं म्हणाल्या, "माहं कावून?"

"तुम्ही रेघा आखल्या म्हणून."

"रेघा आखणं म्हणजे काही डॉक्टरकी नव्हे." पण खोड म्हणाल्या नाहीत. चष्मा पुसत बसल्या बराच वेळ.

मग सरांसमोर टेबल ओढलं, संमतीचा कागद ठेवला, पेन डाव्या हाताशी. मी सांगितलं, सर, नको असेल तर नको. सही केली नाही तरी मी येतच राहीन. त्यांची नजर ओळीवरून ओळीवर जात होती, खालपर्यंत. परत वर. वाचत होते की नुसते बघत होते, तीस वर्षं पेशंट बघून मला सांगता आलं नाही.

पेन उचललं. धरलं नीट. कागदावर टोक टेकलं, एक ठिपका उमटला. मग पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "दमले असतीन. नाही तर नकोच असंन. मले बी समजत नाही आता त्यायचं सगळं."

मी कागद घडी करून पिशवीत घालायला लागले. काकूंनी माझ्या हातातून घेतला, घडी उलगडली, टेबलावर सपाट केला आणि वर पाण्याचा तांब्या ठेवला, उडू नये म्हणून.

"राहू दे इथंच."