चुन्याचा ठिपका

६ जाने. ४४, गुरुवार
उद्या जुम्म्याची सुट्टी, म्हणून आज अर्धी शाळा. दुपारी चार पोरांनी गोपाळला बाजेवर घालून आणलं. तामलवाडीचा, बोर्डिंगात येऊन आठच दिवस झालेले. ओठ निळे, हाक मारली तर ओ नाही.
त्यांची ती रीत. नव्या पोरानं शिंदीखान्यात शिंदीचं, म्हणजे झाडाच्या आंबलेल्या रसाचं, अख्खं मडकं एका दमात रिचवायचं, तोंडापासून काढायचं नाही. वर्षानुवर्षं चाललंय आणि मी, बोर्डिंगचा सुपरिंटेंडंट, गणिताचा मास्तर, कानावर हात ठेवून बसलो.
बाजेचा पुढचा खूर अंबादासच्या खांद्यावर. तेर गावचा, मॅट्रिकचा, गणितात माझ्याही चुका काढतो. रीत चालवणारा तोच. विचारलं तर म्हणाला, गोपाळनं मध्येच श्वास घेतला, म्हणून लागली. राग आला. त्याच्यावर हात मात्र उचलवला नाही.

८ जाने., शनि.
गोपाळ काल दुपारी शुद्धीवर आला. घरी पाठवला.
सदरसाहेबांकडं (आमचे हेडमास्तर) बैठक. गावातले करीमभाई दर्जी आले, त्यांचा रहीम अंबादासच्या वर्गात आहे. शिंदीखाना चालवणारा आणि रसासाठी झाडं छेदून मडकी टांगणारा नरसय्याही आला. त्याला गादीवर बसवायला सदरसाहेब आधी नाखूश होते, मी बसवला. त्याच्याशिवाय हे जमणार कसं?
ठरलं ते असं. करीमभाई बोर्डिंगच्या सगळ्या पोरांच्या कॉलरला लाल पट्टी शिवून देणार, शिलाई न घेता. पट्टी दिसली की नरसय्या शिंदी देणार नाही. आणि जो प्यायलेला सापडेल त्याचं नाव कायमचं कमी. हा शेवटचा नियम माझा. भोजनघराच्या फळ्यावर ठळक लिहिला, खाली सही ठोकली.
निघताना नरसय्या दारात थांबला. "दुकानात न्हाय देत, मास्तर. झाडाचं म्या काय सांगू?"
मी त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही.

१३ जाने., गुरु.
शिंदीखान्यासमोर संध्याकाळपर्यंत बसलो. लाल पट्टी एकही नाही. खूश.
खुशीत एक आगाऊपणा केला. जेवताना पोरांना सांगितलं, इथल्या शिंदीत धोतऱ्याचं बी घालतात, पिणारा वेडा होतो. घालत नाहीत. पण चिडीचूप झाली. दहशत बसली तर बसू दे म्हटलं.

१४ जाने., जुम्मा
संक्रांत. तिळगूळ देताना अंबादासनं विचारलं, "धोतऱ्याचं खरं हाय का, मास्तर?" खरं आहे म्हणालो. गणितात माझी चूक सापडली की जसा बघतो तसा बघत राहिला.

२१ जाने., जुम्मा
सुट्टी असून चैन नाही. नरसय्या आला होता. तीन दिवस झाले, पहाटे कुणीतरी झाडावर चढून मडकी रिकामी करतंय. दुकानात बंद केलं तर पोरं शिंदीच्या बनात पोचली. तिथं तर कुणी थांब म्हणणाराही नाही.
करीमभाईंनी रहीमला दरडावून विचारलं. खरं निघालं. मला सांगताना खाली बघून बोलत होते. पोरं प्याली, कुणी वेडं झालं नाही. "पोरं हसतेत तुमाला, मास्तर."

२५ जाने., मंगळ.
आज अंगावर काटा आला, अजून गेला नाही.
नरसय्या घरी आला, चहाला नको म्हणाला. त्यांच्यात चोरावर जुना इलाज आहे. बनातल्या एकाच मडक्यात धोतऱ्याचं बी वाटून घालायचं आणि त्याच्या बुडाला चुन्याचा ठिपका द्यायचा, छेदणाऱ्यालाच कळावा म्हणून. चोर एकदा पडला की बनाकडं कुणी फिरकत नाही. बनाच्या ठेकेदाराचा हुकूम आहे. परवापासून.
विनवण्या केल्या. कुठलं झाड ते सांगेना.
"तुमी मला गादीवर बसवलं, म्हणून सांगाय आलो. न्हायतर ही सांगायची गोष्ट न्हाय."
सदरसाहेबांनी आबकारीला, दारूच्या खात्याला, लेखी कळवलं. जवाब कधी येईल देव जाणे.

२६ जाने., बुध.
पोरांना सांगितलं. हसली. मग कबूल केलं की मागच्या वेळी खोटं बोललो, पण आता खरं आहे.
अंबादास उभा राहिला. उर्मटपणा नव्हता, हिशोब मांडावा तसं बोलला. "तवा खोटं बोलला ते तुमीच म्हणता. मग आत्ता खरं कशावरून?"
पंचवीस वर्षं पोरांना सिद्धता शिकवतोय.

२७ जाने., गुरु.
दुपारी करीमभाई आणि मी बनात. चाळीसेक झाडं. दगड मारून सात मडकी फोडली. सातही साधी. ठेकेदाराच्या माणसांनी हाकलून लावलं.
परतताना करीमभाई म्हणाले, रहीमनं ऐकलंय, अंबादास पैज मारून बसलाय. मास्तर खोटं बोलतात हे दाखवून देणार. अंबादासला बोलावून बनात जाऊ नको म्हणून हात जोडले. खरंच जोडले. "बरं" म्हणाला.

२८ जाने., जुम्मा
भोजनघराच्या उंबऱ्यावर बसून लिहितोय. वही मांडीवर. कुणाला बाहेर सोडायचं नाही म्हणून.
दिवस उगवताना नरसय्या दारात. हातात मडकं, पालथं केलं, थेंब नाही. बुडाला ठिपका. "तळापतूर पिलाय कुणीतरी." इलाज ऐकलेला, वडिलांनी केलेला, त्यानं स्वतः पहिल्यांदाच.
हजेरी घेतली. गोपाळ घरी, बाकी सतरा हजर. कोण प्यालं? आधी अंबादासला विचारलं. मान हलवली, नाही म्हणून.
फळ्यावरचा नियम मी पुसला. ओल्या फडक्यानं, सगळ्यांसमोर. कुणाचं नाव जाणार नाही, आईशप्पथ. कुणी हललं नाही. आधी धोतऱ्याचं खोटं सांगितलं, आता हा म्हातारा शपथ घेतोय. यांनी का मानावं?
करीमभाई डॉक्टरांना आणायला गेलेत. डॉक्टर तुळजापूरला, दुपार होईल म्हणे.
पोटातलं बाहेर काढायचं तर मिठाचं पाणी. सतरा पेले भरून पंगतीत ठेवले. सगळ्यांनी प्या म्हटलं, म्हणजे चोर कोण ते कळायचं नाही. पण जो पहिला उचलेल तोच चोर, असं प्रत्येकाच्या मनात. पेले तसेच.
म्हणून पहिला मी प्यालो. ओकलो त्यांच्यासमोर. एक धाकटा रडायला लागला, त्यानं घेतला. मग दुसरा. मग ओळीनं.
अंबादास भिंतीला टेकून बसलाय. गाल लाल. ओठ पुन्हा पुन्हा चाटतोय. मी समोर जाऊन बसलो. नाव घेऊन म्हणालो, पी रे बाळा, माझ्यासाठी पी.
त्यानं हात पुढं केला. पेला त्याच्या उजव्या बाजूला होता. हात डावीकडं गेला, रिकाम्या फरशीवर बोटं मिटली, आणि काही नसलेलं ते त्यानं तोंडाला लावलं. एका दमात.